को जागर्ति?

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी आकाशमार्गाने फिरते आणि ‘कोण जागे आहे?’ असे घरोघर विचारते, अशी आपल्याकडे समजूत आहे. जो जागा असेल त्याच्या पदरात ती म्हणे धन टाकते. गेल्या साठ वर्षांत मी ही रात्र कधी झोपून घालविलेली नाही. पण त्या जागरणाची काही नोंद माझ्या पासबुकात झाल्याचे मला आढळलेले नाही. दोन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीला मात्र देवीने माझी दखल घेतली असावी. तिने दिले ते धन नव्हते. पण जन्मभर पुरेल असे काहीतरी खास होते.

त्या रात्री आमच्या इमारतीच्या गच्चीवर सगळी बिऱ्हाडे जमली होती. साडेनऊला भेळ झाली, दहाला बटाटेवडे झाले, अकराच्या सुमारास कोणाच्या तरी सुनेने नव्याने शिकलेला एक पदार्थ आग्रहाने वाढला, आणि बाराच्या ठोक्याला चंद्राचे किरण पडलेले आटीव केशरी दूध आले. छत्तीस वर्षे मी बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. परंतु स्वतःच्या खाण्याचा हिशेब ठेवणे हे मला नेहमीच क्षुद्रपणाचे वाटत आलेले आहे. दुधाचा तिसरा पेला मी उचलला तेव्हा पत्नीने दुरून एकदा माझ्याकडे पाहिले. पण चारचौघांत नवऱ्याला काही बोलायचे नाही, हा नियम तिने चाळीस वर्षे पाळलेला आहे आणि त्याचा फायदा मीही तितकीच वर्षे घेत आलो आहे.

एक वाजता अंथरुणाला पाठ टेकली आणि दोनच्या सुमारास जाग आली. डालग्याखाली कोंडलेली कोंबडी फडफडते तसे काहीतरी छातीत चालले होते. मनगटावर बोट ठेवले. तरुणपणी मला थोडा तबल्याचा नाद होता. त्यामुळे ठेका चुकला तर तो कोठे चुकला हे मला समजते. चुकणारा माणूससुद्धा काही एका रीतीने चुकत असतो. येथे ती रीतच नव्हती. दोन ठोके लागोपाठ, मग रिकामी जागा, मग चार घाईघाईचे, मग एक असा की तो पडला की नाही याचीच शंका यावी. समेवर येण्याचे काही लक्षण दिसेना. पहाटे आम्ही इस्पितळात होतो. तेथील तरुण डॉक्टरांनी कागदाची लांबलचक पट्टी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “काका, याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल सुटलाय.”

हृदयाच्या वरच्या कप्प्यांना आपल्या शालेय पुस्तकांत ‘अलिंद’ म्हणतात आणि खालच्यांना ‘निलय’. हे शब्द ज्याने योजिले त्याची मला त्या दिवसापासून मोठी धन्यता वाटू लागली. अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी आणि निलय म्हणजे राहते घर. रक्त आधी ओसरीवर येते, घटकाभर टेकते आणि मग आत जाते. निरोगी माणसाच्या उजव्या ओसरीच्या कोपऱ्यात एक लहानसा पेशीपुंज असतो. तो स्वस्थ बसल्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर वेळा हुकूम सोडतो आणि सारे घर त्या हुकुमाने चालते. माझ्या ओसरीवर त्या रात्री कारभारी एक राहिला नव्हता. या विकारात मिनिटाला साडेतीनशेपासून सहाशेपर्यंत विजेच्या लहरी तेथे उसळत असतात. सगळेच बोलतात, ऐकणारा कोणी नसतो, आणि ओसरीची भिंत आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरते. दैवाने ओसरी आणि माजघर यांच्या मध्ये देवडीवर एक पहारेकरी ठेविला आहे. तो त्या गर्दीतल्या थोड्यांनाच आत सोडतो. पण कोणाला केव्हा सोडील याचा नेम नसतो. म्हणून नाडी बेताल. लंडनच्या थॉमस लुईस यांनी १९०९ साली आइंथोव्हेन यांच्या विद्युत्‌-यंत्राच्या साहाय्याने या बेताल नाडीचे मूळ ओसरीवर आहे हे दाखवून दिले. त्यापूर्वी शतकानुशतके वैद्य ती नाडी बोटांनी ओळखीत होते. गोंधळ कोठे चालला आहे हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते.

गोंधळाने माणूस सहसा तत्काळ मरत नाही. भय निराळेच असते. थरथरणाऱ्या ओसरीच्या कोपऱ्यात रक्त साचून राहते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली म्हणजे अर्धांग. हा धोका सामान्य माणसाच्या मानाने सुमारे पाचपट असतो. म्हणून मला रक्त गोठू न देणारी गोळी सुरू झाली, ठोक्यांची घाई आवरणारी दुसरी सुरू झाली, आणि तिसऱ्या दिवशी मी घरी आलो.

घरी आलो तो पथ्याच्या राज्यात. आपल्या समाजात आजाऱ्याच्या समाचाराला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. तो एखादे फळ आणतो आणि एखादा पदार्थ घेऊन जातो. म्हणजे असे की, पहिल्या दिवशी आलेले शेजारी माझे मीठ घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी तूप नेले. एका स्नेह्यांनी भात नेला, दुसऱ्यांनी केळे नेले. माशाच्या तेलाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या सुचविणारेही एक भेटले. त्या गोळ्यांनी हा विकार होण्याचा संभव उलट काहीसा वाढतो असे मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे, हे मला मागाहून डॉक्टरांनी सांगितले. मुलगा बंगळूरहून आला होता. मद्याला मी कधी शिवलो नाही, हे त्याला माहीत असूनही त्याने तो विषय काढला. ते बरे झाले, कारण त्यामुळे त्याला स्वतःविषयी ऐकून घ्यावे लागले. सुट्टीतील अतिरेकी पानानंतर धडधाकट माणसांचाही ताल सुटतो, हे पाहून १९७८ साली अमेरिकेतील फिलिप एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला ‘हॉलिडे हार्ट’, म्हणजे सुट्टीचे हृदय, असे नाव दिले. ऑस्ट्रेलियात हा विकार असलेल्या एकशेचाळीस मद्यप्रेमी रुग्णांवर प्रयोग झाला. ज्यांनी मद्य सोडले त्यांच्यापैकी शेकडा त्रेपन्न लोकांचा ताल पुन्हा सुटला. न सोडणाऱ्यांत ते प्रमाण शेकडा त्र्याहत्तर होते. हे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मुलाने ते निमूटपणे ऐकले आणि मग माझ्या बटाटेवड्यांचा विषय काढला.

ही सर्व मंडळी मला काय खाऊ नये ते सांगत होती. पथ्य म्हणजे वर्ज्य पदार्थांची यादी, असेच मलाही वाटत होते. तो समज माझ्या आक्काने घालविला.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी आणि वाईला राहते. लहानपणी आलेल्या संधिवाती तापाने तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झालेली आहे, आणि त्यापायी तिचाही ताल माझ्या कितीतरी आधीपासून सुटलेला आहे. अशा रोग्यांना माझ्यासारखी नवी गोळी चालत नाही. त्यांना वॉर्फरिनच घ्यावे लागते. या औषधाची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील विस्कॉन्सिनचा एक शेतकरी भर हिमवादळात एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमधले न गोठणारे रक्त आणि कुजके गवत घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत गेला. ते गवत खाऊन त्याची गुरे रक्तस्राव होऊन मरत होती. त्या गवतातील विषाचा लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे पाठपुरावा केला, आणि त्याच जातीतले वॉर्फरिन १९४८ साली उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. १९५४ साली ते माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. रक्त गोठण्यासाठी शरीराला ‘के’ जीवनसत्त्व लागते; वॉर्फरिन नेमके त्याच्याच आड येते. आणि हे जीवनसत्त्व भरपूर कशात असते? तर पालक, मेथी, अळू, कोथिंबीर अशा हिरव्या पालेभाज्यांत.

एवढे कोणीतरी सांगताच आक्काने पालेभाजी सोडली. अर्धवट नव्हे, ती काही अर्धवट करीतच नाही. कोशिंबिरीवरची कोथिंबीरसुद्धा ती वेचून काढू लागली. तिच्या डॉक्टरांनी रक्त तपासून त्या बेताने गोळीची मात्रा बसविली. मग पितृपक्ष आला. श्राद्धाच्या स्वयंपाकात अळू हवेच, आणि पितरांच्या पानावरचे नाकारायचे कसे? आक्का चार घरी जेवली. पुढच्या तपासणीत रक्ताचा जो आकडा दोन आणि तीनच्या मध्ये असावयाचा तो दीडावर घसरलेला. डॉक्टरांनी तिला विचारले, “आजी, पालेभाजी सोडायला सांगितली होती कुणी?” त्यांनी तिला सांगितले की पालेभाजी अवश्य खा, पण रोज सारखी खा, आम्ही गोळी तुमच्या भाजीला जुळवून घेऊ, पण तुमची भाजी रोज बदलली तर गोळीने जुळवायचे कोणाशी?

आक्का मला फोनवर म्हणाली, “मेथीनं घात नाही केला रे. माझ्या धरसोडीनं केला.”

हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविले. होय, वहीच केली होती मी. हिशेब तपासणाराला आजार आला म्हणजे तो दुसरे काय करणार? तीन रकाने पाडले : आहार, निद्रा, नाडी. पहिल्या रकान्यात काय खाल्ले यापेक्षा केव्हा खाल्ले आणि किती खाल्ले हे लिहू लागलो; आणि महिन्याभरात एक गोष्ट ध्यानात आली. माझा ताल सुटला तो बहुतेक वेळा रात्रीच सुटला होता, आणि त्या दिवशीचे रात्रीचे जेवण उशिरा झालेले होते किंवा जड झालेले होते. मी ही वही डॉक्टरांना दाखविली. ते हसतील असे वाटले होते. पण त्यांनी ती काळजीपूर्वक वाचली. मेंदूतून निघून हृदयाला आणि पुढे जठराला जाणारी एक लांब चेता आहे. तिला व्हेगस, म्हणजे भटकी, असे लॅटिन नाव आहे. पोट तुडुंब भरले असता आणि झोपेत तिचा अंमल वाढतो. तिच्या अमलाने हृदयाची गती मंदावते; परंतु काही माणसांत ओसरीवरच्या गोंधळालाही तेवढेच निमित्त पुरते. फिलिप कुमेल या फ्रेंच हृदयतज्ज्ञांनी जेवणानंतर आणि रात्री उद्भवणाऱ्या अशा प्रकारांचे वर्णन गेल्या शतकातच करून ठेविले आहे. शिवाय भरल्या पोटी आडवे झाले की आम्ल वर येते आणि झोप मोडते, हे निराळेच.

तेव्हा आमच्या घरी रात्रीचे पान सात वाजता मांडले जाऊ लागले. ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, एक भाजी, ताक. मीठ बेताचे, पापड आणि लोणचे सणावारी. सकाळी केळे परत आले, कारण रक्तातले पोटॅशियम कमी झाले तरी ताल बिघडतो आणि फार वाढले तरी बिघडतो. ज्याचे मूत्रपिंड दुबळे आहे त्याने विचारून खावे, माझ्यासारख्याने खुशाल खावे. वजन चौऱ्याऐंशी किलोंवरून पंचाहत्तरावर यावयास एक वर्ष लागले. ऑस्ट्रेलियातीलच ॲडलेड येथे अशा तीनशेपंचावन्न स्थूल रुग्णांकडे अनेक वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरविले आणि ते टिकविले, त्यांचा ताल शाबूत राहण्याचा संभव इतरांच्या सहापट दिसला. आणि ज्यांचे वजन खालीवर होत राहिले त्यांनी त्या लाभातला बराचसा गमावला. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. आक्काची मेथी आणि ॲडलेडचे वजन एकच गोष्ट सांगत होते.

चहाचा प्रकार याहून मौजेचा. छातीत धडधडते म्हटल्यावर चहा-कॉफी सुटलीच पाहिजे, असे सर्वांनी एकमताने ठरविले होते. मी पाच कप चहा पिणारा माणूस. पहिले आठ दिवस डोके दुखले आणि पुढचे आठ दिवस मी घरातल्या माणसांची डोकी दुखविली. अखेर डॉक्टरांनीच सोडवणूक केली. कॉफीचा या विकाराशी संबंध काय, हे पाहण्यासाठी दोनशे रुग्णांवर एक प्रयोग झाला. विजेच्या उपचाराने त्यांचा ताल पूर्ववत करून निम्म्यांना रोज कॉफी घ्यावयास सांगितले आणि निम्म्यांना ती वर्ज्य केली. सहा महिन्यांत कॉफी सोडणाऱ्यांपैकी शेकडा चौसष्टांचा ताल पुन्हा सुटला आणि पिणाऱ्यांपैकी सत्तेचाळीसांचा. २०२५ सालची ही गोष्ट. मी विजयी मुद्रेने पत्नीकडे पाहिले. पण डॉक्टर पुढे म्हणाले की त्यापूर्वी, २०२३ साली, शंभर निरोगी माणसांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. त्यात कॉफीच्या दिवशी ओसरीवरचे चुकार ठोके फारसे वाढले नाहीत, पण झोप मात्र सुमारे छत्तीस मिनिटांनी कमी झाली. “तेव्हा काका, सकाळी दोन कप घ्या. चारनंतर नको. तुमच्या हृदयाला चहाचं वावडं नाही, झोपेला असेल.”

झोप! वहीतला दुसरा रकाना. आहाराचा रकाना जसा सुधारत गेला तसा हा सुधारेना. मी आठ तास अंथरुणात असे, तरी सकाळी उठताना अंग दगडासारखे जड असे. मुलाने एक मनगटी घड्याळ पाठविले. ते रोज सकाळी माझ्या झोपेला गुण देई. शाळेतसुद्धा मला इतके कमी गुण कधी मिळाले नव्हते. मग गुण वाढावेत या काळजीने झोप येईनाशी झाली आणि गुण आणखी उतरले. सकाळच्या चहाबरोबर मी माझ्या निद्रानाशाचे पुराण लावीत असे. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही,” हे माझे पालुपद. पत्नी ऐकून घेई आणि काही बोलत नसे.

असाच एकदा तपासणीस गेलो असता डॉक्टरांनी विचारले, “झोपेत घोरता का?”

“छे! मुळीच नाही,” मी म्हणालो. हे मी पूर्ण प्रामाणिकपणे सांगितले. घोरणारा माणूस या बाबतीत नेहमीच प्रामाणिक असतो.

पत्नी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. चारचौघांत न बोलण्याचा नियम तिने त्या दिवशी प्रथमच मोडला. ती हळूच म्हणाली, “अहो, घोरण्याचं राहू द्या. मध्येच थांबतं, ते सांगा ना.”

“थांबतं म्हणजे?” डॉक्टरांनी हातातली लेखणी खाली ठेवली.

“श्वास थांबतो यांचा. छाती हलते, पण श्वास येत नाही. मी मोजते. वीसपर्यंत, कधी पंचवीसपर्यंत. त्याच्या पुढं गेलं तर खांद्याला हात लावते. मग मोठ्यानं श्वास घेतात आणि कुशीवर वळतात.”

“किती दिवसांपासून?”

“दिवस नाही,” ती म्हणाली. “वर्षं झाली.”

त्या दिवशी घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका प्रथमच नीट पाहिली. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याही घरी दुधाचा हिशेब तिच्यावरच मांडलेला असतो : अर्धा लिटर, एक लिटर, खाडा. त्या आकड्यांच्या खाली काही चौकोनांत पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. कोठे एक, कोठे तीन, कोठे पाच. मी आजवर ते पाहिले असतील, पण दुधाचाच काही हिशेब असावा असे वाटले असेल. एक ठिपका म्हणजे एकदा खांद्याला लावलेला हात. जुन्या दिनदर्शिका आमच्याकडे रद्दीत जात नाहीत, फडताळात कागद म्हणून अंथरल्या जातात. मी फडताळे उघडली. डब्यांखालची ती वर्षे उलटून पाहिली. ठिपके माझ्या कोजागिरीच्या चार वर्षे आधीपासून होते.

छत्तीस वर्षे मी लोकांच्या खतावण्या तपासल्या. आणि ही एक खतावणी माझ्याच घरात, माझ्याच नावावर, रात्रीमागून रात्र भरत होती. रोज सकाळी मी जिला माझ्या जागरणाची कहाणी सांगत होतो, ती माझ्याहून अधिक जागी होती.

“मला उठवून सांगितलं का नाहीस?” मी विचारले.

“तुम्हाला आधीच झोप लागत नाही म्हणता. त्यात आणखी कुठं उठवू?” असे म्हणून ती विरजण लावावयास गेली.

पुढचे सारे लौकर झाले. एक रात्र बोटाला, नाकाला आणि छातीला यंत्रे लावून झोपलो. दर तासाला सरासरी सव्वीस वेळा माझा श्वास अडतो असे निघाले. पाचांपर्यंत क्षम्य असते आणि पंधराच्या पुढे उपचारावाचून गत्यंतर नसते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. छाती बंद दाराशी ओढाताण करीत राहते, आणि त्या ओढीने हृदयाच्या पातळ भिंती, म्हणजे पुन्हा ती ओसरीच, ताणल्या जातात. रक्तातला प्राणवायू उतरतो, शरीर घाबरून जागे होते, रक्तदाब उसळतो. आणि असे रात्रीतून दोनशे वेळा होऊनही सकाळी माणसाला काही आठवत नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हा ताल सुटलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत झोपेतील श्वासरोधाचा संभव आढळला होता. माझ्या पोटाचा घेर आणि माझी आखूड मान पाहून हे कोणालाही आधी सुचावयास हवे होते. ज्याच्या त्याच्या तोंडी माझे मीठ आणि तूप होते. झोपेबद्दल कोणी विचारले नाही. विचारले असते तरी खरे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते तिच्याजवळ होते.

आता मी नाकावर मुखवटा चढवून झोपतो. एक लहानसे यंत्र रात्रभर हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवते. या मुखवट्याने हृदयाचा तालही सुधारतोच असे मात्र नियंत्रित प्रयोगांत अद्याप ठरलेले नाही, हे डॉक्टरांनी मला आधीच बजावले होते. माझ्यापुरते सांगावयाचे तर सकाळी अंग हलके असते. ताल अजूनही वर्षातून दोनतीनदा सुटतो आणि गोळ्या सुटलेल्या नाहीत.

परंतु मुखवट्याने माझी झोप सुधारली, तरी तिची लगेच सुधारली नाही. इतक्या वर्षांची सवय. ती दोन वाजता उठून बसे आणि कान देऊन ऐके. घोरणे नाही, अडखळणे नाही, नुसती यंत्राची बारीक फुंकर. त्या शांततेचीच तिला भीती वाटे आणि ती माझ्या नाकापाशी हात नेऊन पाही. दिनदर्शिकेवरचे ठिपके बंद झाल्यावरही पुष्कळ दिवस तिची दुपार जांभया देण्यात जाई. माझ्या पथ्याची फळे मला तीन महिन्यांत मिळाली. तिला सलग झोप लागावयास वर्ष गेले.

चरकाने देहाचे तीन उपस्तंभ, म्हणजे टेकू, सांगितले आहेत : आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. यातले पहिले दोन मी नेहमी वैयक्तिक समजत आलो होतो. माझे ताट माझे आणि माझी झोप माझी. आता ते तसे वाटत नाही. सात वाजता माझे पान मांडले जाते ते कोणीतरी पाच वाजता चुलीशी उभे राहते म्हणून. आणि रोज तेवढीच भाजी पानात पडते ती कोणीतरी तेवढीच चिरते म्हणून. जुन्या घरात एक टेकू कलला की त्याचा भार दुसऱ्या टेकूवर जातो, आणि घर उभे आहे तोवर कोणी त्याकडे पाहत नाही.

गेल्या कोजागिरीला आम्ही गच्चीवर गेलो नाही. आठ वाजता तिने दोन लहान वाट्यांत केशरी दूध आणले. चंद्र समोरच्या इमारतीच्या आड होता. तो वर येण्याची वाट न पाहता आम्ही ते घेतले आणि साडेदहाला दिवे मालवले.

दोनच्या सुमारास मला जाग आली. सवयीने बोट मनगटाकडे गेले, पण नाडी पाहिली नाही. वर गच्चीवर अजून कोणीतरी हसत होते, आणि भांड्यांचा आवाज येत होता. खिडकीतून चांदणे तिच्या उशीपर्यंत आले होते. ती कुशीवर वळून गाढ झोपली होती. श्वास एका लयीत चालला होता, आणि खरे सांगायचे तर थोडी घोरतही होती. ही गोष्ट मी तिला अद्याप सांगितलेली नाही.

त्याच वेळी देवी दारावरून गेली असेल तर तिने नेहमीचा प्रश्न विचारला असेल. मी जागा होतो. पण ओ दिली नाही. तिची झोप मोडली असती.